द्वारकेहून येणारी सवाष्ण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे रस्ता ओलांडणं.

शुक्रवारचा बाजार रस्त्याच्या पलीकडे भरतो. रस्ता कसला, मैदानच ते. जाणाऱ्या गाड्यांच्या तीन रांगा, येणाऱ्यांच्या तीन, मध्ये सिमेंटचा कठडा. म्हाताऱ्या माणसाला तो एका दमात पार होत नाही. आधी कठडा गाठायचा, तिथं श्वास घ्यायचा, मग उरलेला रस्ता. त्या दिवशी परतताना बायको कठड्यावर बसलीच. दोन्हीकडून गाड्या सुसाट.

मी म्हटलं, "अगं ऊठ, ही काय बसायची जागा आहे?"

"मग या सेक्टरात बसायची दुसरी जागा दाखवा, तिथं बसते." असं म्हणून तिनं पिशवीत हात घातला आणि कोथिंबीर वर काढली. "वरून फुकट दिलीन म्हणून पिवळी दिलीन मेल्यानं. तुम्ही बघत का नाही घेताना?"

"मी ड्रायव्हर आहे, माळी नाही."

ती हसली नाही. हे उत्तर तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. पुढं गाड्यांची रांग जराशी तुटली, तिनं माझं मनगट धरलं आणि आम्ही पळालो. पळालो म्हणजे आमच्या वयात जेवढं पळता येतं तेवढं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेंडी चिरता चिरता ती मागे भिंतीला टेकली आणि गेली. लोक म्हणाले, अँब्युलन्सला यू-टर्न फार लांब पडला, रस्त्यानं मारलं. खोटं आहे. डॉक्टर म्हणाला, मान टाकली तेव्हाच संपलं होतं. रस्त्याच्या नावावर जे नाही ते मी घालणार नाही. आहे तेच पुष्कळ आहे. बायका म्हणाल्या, अहेव गेली, भाग्याची. असेल. तिचं भाग्य, मग माझ्या वाट्याला आलं त्याला काय म्हणायचं, ते कोणी सांगितलं नाही.

मी सातवी शिकलेला माणूस, कोकणातला. दिल्लीला आलो तो एका मंत्रालयात साहेबांची गाडी चालवायला, आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. आर. के. पुरममध्ये क्वार्टर होतं. दूध खाली, भाजी कोपऱ्यावर, दवाखाना चालत, आणि त्याच जिन्यावर महाराष्ट्रातली आणखी बिऱ्हाडं. मुलीला पहाडगंजच्या मराठी शाळेत घातलं होतं. तिला बसनं न्यायची आणि बसनं आणायची हिनंच. सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, हा नियम मी कधी मोडला नाही. कितीदा तरी असं झालं, की मी लाल दिव्याला थांबलेला, शेजारी बस थांबलेली, आणि बसच्या खिडकीत आमच्याच घरची दोन माणसं. मुलगी हात करायची. मी करायचो नाही, मागे साहेब असायचे.

म्हणजे एकाच दिल्लीत आम्ही दोघं दोन वेगळ्या गावांत राहत होतो म्हणा. माझं गाव गोल चौकांचं, फ्लायओव्हरचं, कुठल्या गेटवर गाडी उभी करू देतात त्याचं. तिचं गाव बसच्या नंबरांचं, सावलीच्या बाजूचं, कुठल्या दुकानदाराकडे पाणी मागता येतं त्याचं. मला वाटायचं, दिल्ली मलाच माहीत आहे.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं. नोएडा एक्स्टेन्शनला फ्लॅट घेतला, कारण तिथंच घेता आला. बिल्डरचा माणूस म्हणाला होता, समोरून मेट्रो येणार आहे. अजून येणारच आहे. क्वार्टरमधले बाकीचे कोणी फरिदाबादला गेले, कोणी गुडगावला, आणि हिची जिवाभावाची मैत्रीण, आमच्या समोरच्या दारातली वहिनी, तिकडे द्वारकेला. पूर्वी दार उघडलं की दिसायची माणसं, आता त्यांना भेटायचं म्हणजे सकाळी निघायचं. ही तरी निघायची. संक्रांतीचं वाण पिशवीत भरून रिक्षा, मेट्रो, परत रिक्षा. मी घरी बसून विचारायचो, "एवढं काय पडलंय?" ती म्हणायची, "तुम्हाला नाही पडलेलं, म्हणून मी जाते."

ती गेल्यावर माझे पाय घरात ठरेनात. टीव्ही लावला की उठायचो. जेवायला बसलो की अर्ध्यावर उठायचो. लिफ्टनं खाली जायचो, गेटपर्यंत जायचो, समोर तो रस्ता बघायचो आणि परत वर. डोळ्यांमुळे लायसन गेलेलं, गाडी विकलेली. मागच्या सीटवर बसणं मला जमत नाही. जन्मभर मागे दुसरे बसले, मी पुढं. टॅक्सीत मागे बसलो की पाय आपोआप ब्रेक दाबायला लागतो आणि ड्रायव्हरशी भांडण होतं.

दुसऱ्या वर्षी श्रावणात, असाच गेटवर उभा असताना, एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट.

"अंकलजी, कल आप कहाँ-कहाँ गए थे?"

"कहीं नहीं."

"दूध लेने, मंदिर, कहीं तो?"

"गेट तक गया. वापस गया. फिर गेट तक आया."

"कितनी बार?"

"क्यों, मीटर लगाया है क्या?"

तेवढ्यात नागपूरहून माझ्या मुलीचा फोन आला. मी तिच्याशी बोलून फोन ठेवला तर ही मुलगी हसत उभी.

"काका, मराठी? मी पुण्याची."

"मग इतका वेळ हिंदीत का छळलंस?"

तिचं काम काय, ते तिनं गेटवरच समजावलं. तिची संस्था अभ्यास करते म्हणे, की वस्ती माणसांना राहण्याजोगी कशानं होते. आणि दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव, फरिदाबाद हे सगळं आता एकच होऊन बसलंय, तर त्या सगळ्याचं मिळून येणं-जाणं कसं आखायचं. बस एका राज्याची, रिक्षा दुसऱ्या राज्याची, दोन्ही आपापल्या हद्दीवरून मागं फिरतात, आणि माणूस मात्र सकाळी या राज्यात, संध्याकाळी त्या. तिच्याकडे म्हाताऱ्या माणसांचा भाग होता.

मी म्हटलं, "घर आहे, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. राहायला आणखी काय लागतं?"

"मग तुम्ही गेटपर्यंत येऊन परत का जाता, काका?"

मला राग आला. म्हटलं, चल वर, चहा पी. नंतर ती अधूनमधून यायला लागली. चहा मी करायचो, तो वाईट व्हायचा, ती प्यायची.

भाद्रपद लागला आणि नागपूरहून मुलीचा परत फोन आला. "बाबा, वर्षश्राद्ध झालं. यंदापासून आईची अविधवा नवमी करायची."

बाई नवऱ्याच्या आधी गेली की पितृपक्षातल्या नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवायला घालतात. नवरा जिवंत असेतोवर दर वर्षी. क्वार्टरमध्ये माझ्या आईची नवमी हीच करायची, कारण माझे वडील तेव्हा होते. आणि पानावर बसायची ती समोरच्या दारातली वहिनी. वरण उतरवलं की ही दारात उभी राहून हाक मारायची, "ये गं, वाढलंय." सवाष्ण एवढी जवळ होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही इकडे या, इथं करू. नाहीतर तिथल्या देवळात शिधा देऊन टाका."

"तुझी आई या घरातून गेली. पान याच घरात मांडायचं. आणि पानावर तिला ओळखणारी बसली पाहिजे. कोणीतरी आणून बसवली, जेवली आणि गेली, असलं मला नको."

"बाबा, द्वारकेहून काकू कशा येतील? काकांची शुगर, त्यांचे स्वतःचे गुडघे..."

"ते मी बघतो."

मला विधी-बिधी येत नाहीत. माझ्या लेखी गोष्ट एकच होती: नवमीला, उन्हं कलायच्या आत, तिच्या नावानं वहिनी माझ्या घरी जेवली पाहिजे. तिनं माझ्या आईसाठी इतकी वर्षं केलं. मला एक जेवण जमू नये? रात्रंदिवस डोक्यात तेच.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "येते की भाऊजी. तिच्या पानावर दुसरं कोण बसणार? यांना इंजेक्शन देऊन, जेवण झाकून निघते. पण टॅक्सी नको हो, टॅक्सीत एकटी मी बसत नाही. मेट्रोनं येते, सरळ एकच लाइन आहे."

"मी न्यायला येऊ?"

"मग स्वयंपाक कोण करील, सून?" ती हसली आणि एकदम विषय अळूवडीवर नेला. आमच्याकडे मुलगा नाही, ते तिला आठवलं असावं.

पुण्याच्या मुलीला हे सांगितलं तर ती सरसावून बसली. "काका, मी काकूंबरोबर येऊ? घरापासून घरापर्यंत? आम्हाला असाच प्रवास हवा असतो, खऱ्या कामासाठी केलेला. मी नुसती सोबत चालेन आणि टिपत जाईन."

"ये की. तेवढीच तिला सोबत."

"सोबत नाही, काका. मी मदत करायची नाही, सुचवायचं नाही, असा नियम आहे. मी नसते तर जे झालं असतं, तेच व्हायला पाहिजे. नाहीतर तो प्रवास खोटा होतो."

"म्हणजे बाई पडली तरी बघत राहणार?"

"पडली तर धरीन हो."

"उपकार झाले."

मग कुठल्या स्टेशनवर उतरायचं, यावरून आमचं वाजलं. अजून काही सुरू झालेलं नव्हतं, तेव्हा तिला बोलायची मुभा होती. ती म्हणाली, पुढच्या स्टेशनवर उतरवा, इकडच्या शेअर रिक्षा तिथून सुटतात. मी म्हटलं, आधीचं स्टेशन जवळ. सर्व्हिस रोडनं आलं की फ्लायओव्हरखालून सरळ आमचा चौक. मी त्या रस्त्यानं हजारदा गाडी आणलेली आहे.

"गाडी आणली असेल, काका. पण काकू पायी..."

"पोरी, तू पुण्याची. दिल्ली मला शिकवू नकोस."

आणि मी वहिनीला आधीचं स्टेशन सांगितलं. दोनदा सांगितलं, विसरायला नको म्हणून.

नवमीला पहाटेच उठून लागलो. भोपळ्याची भाजी, कढी, वरण, तांदळाची खीर. खीर खाली लागली. वडे करायला घेतले तर ते तेलात फुटायला लागले, ते सोडून दिले. अळूची पानं इकडे मिळत नाहीत असं नाही, पण वहिनी म्हणाली होती, अळूवडी मी करून आणते, तुमच्या हातची नको. पान मांडलं. रांगोळी येत नाही, म्हणून पिठाच्या दोन रेघा ओढल्या. एक वाकडी आली. मग काही उरलं नाही आणि मी घरात चालायला लागलो. खिडकीशी, दाराशी, गॅसशी, परत खिडकीशी. खाली रस्ता दिसतो, पण इतक्या वरून माणूस ओळखू येत नाही.

फोन वाजला.

"भाऊजी, उतरले हो तुम्ही सांगितलं तिथं. पण इथं नुसत्या गाड्या पळतायत."

"रिक्षा बघा."

"रिक्षा पलीकडे आहेत. पलीकडे जायला पूल आहे. पुलाची लिफ्ट बंद आहे. आणि एक रिक्षावाला इकडे आला होता, तो म्हणतो, तिकडे कोणी जात नाही."

"मुलगी कुठाय?"

"इथंच आहे बिचारी. काही बोलतच नाही. घाम पुसतेय नुसती."

"तिला द्या फोन."

"ती मानेनं नाही म्हणतेय."

मी म्हटलं, तिथंच थांबा, आलो. गॅस बंद केला आणि निघालो. गेटबाहेर शेअर रिक्षा उभी होती, मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. स्टेशन म्हटल्यावर तो निघाला, आणि मला वाटलं तिकडे न वळता सरळ पुढं गेला. मी ओरडलो, "इधर से क्यों नहीं लिया?" तो म्हणाला, "ताऊ, उधर कौन जाता है? उधर तो गाड़ी वाले उतरते हैं." त्यानं मला पुढच्या स्टेशनवर नेऊन सोडलं. तिथं रिक्षांची ही रांग, आणि पोरं गळा फाडून आमच्याच चौकाचं नाव ओरडत होती.

म्हणजे मुलीचं बरोबर होतं. मी वहिनीला फोन लावला, की परत मेट्रोत बसा आणि एकच स्टेशन पुढं या. ती धापा टाकत म्हणाली, "आता कुठलं पुढं, भाऊजी. मी पूल चढायला लागले. अर्ध्यावर आहे. वरही जाववत नाही आणि खालीही."

मेट्रोत मी हिच्याबरोबर गेलो असेन, पण हीच कार्ड लावायची, मी मागून घुसायचो. एकट्यानं तिकीट कुठं काढायचं ते माहीत नव्हतं. मशीनसमोर उभा राहिलो तर मागच्या पोरानं विचारलं, अंकल, कहाँ जाना है? मी म्हटलं, एक स्टेशन पीछे. तो बघतच राहिला. एका स्टेशनासाठी एवढा घाबरलेला माणूस त्यानं पाहिला नसेल. बाहेर पडलो तो भलत्याच गेटानं, मग परत आत, मग दुसरीकडून बाहेर.

वहिनी पुलाच्या पायऱ्यांवर बसली होती. जिन्याची साडी, म्हणजे क्वार्टरमध्ये सणाला सगळ्या बायकांनी एकसारखी घेतली होती ती. मांडीवर स्टीलचा डबा. शेजारी ती मुलगी, वहिनीचा एक हात तिच्या खांद्यावर, आणि दुसऱ्या हातानं ती वहिनीला वारा घालत होती. टॅबलेटनंच.

मी तिच्यावर तुटून पडलो. "तुला माहीत होतं. तुला ठाऊक होतं की इथं उतरू नये, आणि तू मेट्रोत गप्प बसलीस?"

"काका, नियम..."

"नियम घाल चुलीत. म्हातारं माणूस आहे ते."

तिचे डोळे भरले. पण ती घाबरट नव्हती. म्हणाली, "मी तुम्हाला आधी सांगितलं होतं, काका. तुम्ही म्हणालात, दिल्ली शिकवू नकोस."

वहिनी मधेच म्हणाली, "भांडा हो, भांडा. मी इथंच बसते. जेवणही इथंच आणा."

मग आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून तिला एक एक पायरी खाली आणलं. लोक घाईत, शेजारून चढत होते, उतरत होते. कोणी वाईट वागलं नाही. एकानं तर डबा धरला. पण त्या पुलावर थांबायला जागाच नव्हती, आणि म्हातारं माणूस म्हणजे दर चार पायऱ्यांवर थांबणारं माणूस. सावकाश खाली आलो, मेट्रोत बसलो, पुढच्या स्टेशनला उतरलो, ओरडणाऱ्या पोरांतल्या एकाची रिक्षा धरली. घरी पोचलो तेव्हा उन्हं कधीच कलली होती.

वहिनी पानावर बसली. मी तिला हळद-कुंकू लावायला बोटं पुढं केली आणि मागं घेतली. सवाष्णीला कुंकू बाईनं लावायचं असतं. घरात बाई कुठली? मी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "काका, मी ख्रिश्चन आहे. चालेल का?"

वहिनी म्हणाली, "बाळ, तू मला अर्धा पूल उतरवलंस. लाव."

तिनं लावलं. मी मुलीला म्हटलं, "तुला भूक लागलीय ना? मग दुसरं पान घेतो, बस." आणि वाढायला लागलो. वहिनीनं खीर तोंडात घातली, जिभेवर घोळवली. मग म्हणाली, "लागलीय." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "तिची पण लागायची. घाई करायची ना." आणि सगळी वाटी संपवली. परत मागितली.

हात धुताना ती सिंकला धरून उभी राहिली. "भाऊजी, एक सांगू? पुढच्या वर्षी मला जमायचं नाही. यायची इच्छा आहे. पायांचं सांगतेय."

"अजून वर्ष आहे."

"पाय काय वर्षानं नवे होणार आहेत?"

ओटीही मुलीकडूनच भरवली. नारळ, तांदूळ, खण. अंधाराच्या आत मुलगीच तिला परत घेऊन जाणार होती. निघताना मी मुलीला दारात अडवलं.

"आज जे झालं ते तुझ्या अभ्यासात लिहिणार ना? लिफ्ट बंद, रिक्षा पलीकडे, सगळं?"

ती म्हणाली, "नाही, काका. मी हात दिला. वारा घातला. त्या क्षणी तो प्रवास बाद झाला."

"बाद म्हणजे?"

"मोजायचा नाही."

माझं डोकं फिरलं. बाई पुलावर अर्धमेली झाली, आणि ते मोजायचं नाही. न चढताच घरी बसली असती तर? तेही मोजायचं नाही. मग मोजतात तरी काय?

तिनं शांतपणे सांगितलं. अहवाल वर जातो, तिथून छोट्या बसगाड्या कुठं थांबवायच्या, कुठली लिफ्ट दुरुस्त करायची, अशा गोष्टी ठरतात. कधी ठरतात, कधी नाहीत. "खोटं वचन देत नाही, काका. पण त्यात जे नसतं, ते नक्कीच ठरत नाही."

मी विचारलं, "माझा प्रवास चालेल?"

"कुठला?"

"उद्या इथून वहिनीच्या घरी. मी एकटा. तू मागून ये, तोंड बंद ठेव."

"तुम्हाला खरं काम असायला हवं तिथं. अभ्यासासाठी म्हणून केलेला प्रवास चालत नाही."

वहिनी चपला घालत होती. तिचा स्टीलचा डबा ओट्यावर तसाच राहिला होता. मी तो उचलून तिच्या हातात द्यायला गेलो आणि थांबलो. म्हटलं, "हा रिकामा कसा देऊ? उद्या भरून आणतो." वहिनी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आणा. यांना तेवढंच कोणी बोलायला. पण घर सापडेल का?"

"कितीदा आलोय."

"गाडीनं आलायत."

सकाळी डब्यात बेसनाचे लाडू भरले, बाजारातलेच. गेटवर मुलगी उभी होती. मी नमस्कार केला, तिनं मान हलवली. मी पुढं, ती मागं. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबलो, मग पुढं बसलो. रिक्षावाला गाणी मोठ्यानं लावून होता, बंद कर म्हटलं, केली नाहीत. स्टेशनवर तिकिटाच्या मशीनशी चुकलो, परत केलं. जिना चढताना थांबलो, मागं पावलं थांबली. मेट्रोच्या डब्यात एका पोरानं उठून जागा दिली. मी बसलो, उठलो, दारापाशी जाऊन उभा राहिलो. नोएडा गेलं, यमुना गेली, सबंध दिल्ली गेली. बसवत नव्हतं, पण घरात बसवत नाही तसंही नव्हतं ते.

द्वारकेला बाहेर आलो आणि समोर सारखेच चार रस्ते, सारख्याच सोसायट्या. लाल दिव्यापासून डावीकडे, हे मला माहीत होतं. लाल दिवा कुठं? गाडीतून दिसतो तसा पायी काही दिसत नाही. मी मागं वळून बघितलं. मुलगी काल इथूनच निघाली होती, तिला घर माहीत होतं. ती आभाळाकडे बघत उभी राहिली.

आजवर मी कोणाला रस्ता विचारलेला नाही. ड्रायव्हरनं विचारला की साहेबांचा विश्वास उडतो. रिक्षावाले होते, टॅक्सीवाले होते, त्यांना नाही विचारलं. दुधाच्या पिशव्या घेऊन एक बाई चालली होती, तिला सोसायटीचं नाव सांगितलं आणि म्हटलं, पैदल जाना है.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग मागं उभ्या मुलीकडे. "बेटी को नहीं पता?"

"पता है. बोलेगी नहीं."

"झगड़ा हुआ है?"

"काम पर है."

बाईला काय वाटलं कोणास ठाऊक. तिनं पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "आइए, मैं उधर ही जा रही हूँ. पार्क के अंदर से चलेंगे, छाँव है." मी डबा छातीशी धरला आणि तिच्या मागं निघालो.